शीव ओलांडल्यावर : नव्या राज्यात येणे आणि रहिवासी होणे

‘शीव’ या मराठी शब्दाचा अर्थ हद्द. गावाची शीव, शेताची शीव असे आपण आजही म्हणतो. मुंबई बेट जेथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत असे, तेथल्या गावाला शीव हे नाव पडले आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचे सायन झाले. जेराल्ड ऑन्जिअर गव्हर्नर असताना, म्हणजे १६६९ ते १६७७ या काळात, इथल्या टेकडीवर किल्ला बांधला गेला तो याच हद्दीवर नजर ठेवण्यासाठी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये बांध पूर्ण झाला आणि हद्दीचा रस्ता झाला. तरीही मुंबई शहर जिल्ह्याची उत्तरेकडील हद्द आजही याच भागात आहे.

या शीवेला लागून असलेला आपला शीव कोळीवाडा मात्र हद्दी ओलांडून आलेल्या माणसांनी भरलेला आहे. खाडी, मिठागरे आणि कोळ्यांची वस्ती हे त्याचे मूळ रूप. १९४७ नंतर पंजाबी आणि सिंधी निर्वासित येथे आले. शेजारच्या माटुंग्यात तमिळ आणि मलयाळी कुटुंबे त्यापूर्वीच स्थिरावली होती. पलीकडे धारावीत तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंतचे कारागीर आले. आज आपल्या वर्गात हजेरी घेतली जाते तेव्हा आडनावांवरूनच निम्म्या हिंदुस्थानचा नकाशा डोळ्यांपुढे येतो.

तेव्हा प्रश्न असा की, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेला माणूस तेथला रहिवासी नेमका केव्हा होतो? आगगाडीतून उतरतो तेव्हा? भाड्याचे घर मिळते तेव्हा? मतदारयादीत नाव येते तेव्हा? की शेजारी त्याला ‘आपला’ म्हणतात तेव्हा? हा प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत कार्यालयाच्या खिडकीपुढे हातात कागदांची पिशवी धरून उभे असलेले आपलेच मित्र या प्रश्नाचे उत्तर शोधत असतात. प्रस्तुत लेखात या उत्तराची थोडी फोड करण्याचा विचार आहे.

प्रवेशद्वारावर परवाना नाही

सर्वांत आधी राज्यघटना काय म्हणते ते पाहू. अनुच्छेद १९ प्रत्येक नागरिकाला भारतभर मुक्तपणे फिरण्याचा आणि देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क देतो. सार्वजनिक हितासाठी किंवा अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी यावर वाजवी बंधने घालता येतात. पण मूळ नियम हक्काचा आहे. आपल्याकडे नागरिकत्व एकच, भारताचे. महाराष्ट्राचे वेगळे आणि बिहारचे वेगळे असे नागरिकत्व नाही. त्यामुळे पाटण्याहून दादरला उतरणाऱ्याला कोणाची परवानगी काढावी लागत नाही.

ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तिचे मोल जाणवत नाही. सोव्हिएत संघाने १९३२ साली अंतर्गत पारपत्राची पद्धत आणली आणि ठरावीक शहरात राहण्यासाठी तेथील नोंदणी आवश्यक केली. चीनने १९५८ पासून घरटी नोंदणीची पद्धत कायद्याने पक्की केली. ज्याची नोंदणी खेड्यात, त्याला शहरात जाऊन कामगार होता आले तरी शहरातील शाळा, दवाखाना आणि घर यांवर त्याचा हक्क पूर्णपणे उभा राहत नसे. तेथे माणूस आधी नोंदवला जातो आणि मग राहतो. आपल्याकडे माणूस आधी राहतो आणि मग नोंदवला जातो. हा फरक मोठा आहे. मात्र या ‘नोंदवले जाण्या’त किती वळणे आहेत हे समजण्यासाठी आपल्या कोळीवाड्यासारखे दुसरे उदाहरण नाही.

कोळीवाड्याचा धडा

१९४७ साली फाळणी झाली. सिंधमधील हिंदू सुरुवातीला मोठ्या संख्येने निघाले नव्हते. परंतु ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि निघणाऱ्यांची रीघ लागली. कराचीहून आगबोटी भरभरून माणसे मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागली. पंजाब आणि सरहद्द प्रांतातील कुटुंबे बहुधा दिल्लीमार्गे आली. सुदैवाने महायुद्ध संपल्यामुळे मुंबईच्या आसपास लष्करी छावण्या आणि बराकी रिकाम्या झाल्या होत्या. कल्याणजवळच्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. चेंबूर, मुलुंड आणि शीव कोळीवाडा येथे निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. आज ज्याला आपण शीवचे इस्पितळ म्हणतो ते लोकमान्य टिळक रुग्णालयही १९४७ साली लष्करी बराकींतच ५० खाटांवर सुरू झाले होते. म्हणजे या परिसरात माणसे आणि संस्था दोघांनीही संसार बराकीत मांडला.

येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. त्या तारखेच्या आधी जन्मलेला सिंधी माणूस १९४८ मध्ये मुंबईला आला, तेव्हा तो आपल्या जन्माच्या वेळच्या इलाख्याच्या राजधानीतच आला होता. फक्त मधल्या काळात ती राजधानी दुसऱ्या देशात गेली होती. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा हाच माणूस बिऱ्हाड न हलवता नव्या राज्याचा रहिवासी झाला. आणि मूळच्या कोळ्यांचे तर काय सांगावे! ते आपल्या जागेवरच राहिले. त्यांच्या डोक्यावरून पोर्तुगीज गेले, इंग्रज गेले, द्विभाषिक राज्य गेले आणि महाराष्ट्र आला. माणसे राज्ये बदलतात तशी राज्येही माणसांखालून बदलतात, हे या एका वस्तीत दिसते.

परंतु १९४८ मध्ये आलेल्या निर्वासिताला असली गंमत सुचण्याची सोय नव्हती. त्याला पुढचे तीन प्रश्न सोडवायचे होते : मी नागरिक आहे का, मला धान्य मिळेल का, आणि मला मत देता येईल का?

नागरिकत्वाचे उत्तर अनुच्छेद ६ मध्ये आहे. ज्याचा स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा जन्म अखंड हिंदुस्थानात झाला असेल, अशा स्थलांतरितांचे घटनेने दोन गट केले. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेले आणि तेव्हापासून येथे सामान्यतः राहणारे लोक आपोआप नागरिक मानले गेले. त्या दिवशी किंवा नंतर आलेल्यांना मात्र अर्ज करून नोंदणी करून घ्यावी लागली आणि अर्जापूर्वी किमान सहा महिने भारतात राहिलेले असणे आवश्यक होते. ही तारीख आली कोठून? त्याच दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून येण्यासाठी परवान्याची पद्धत सुरू झाली होती. एकाच घरातील एक भाऊ जूनमध्ये आला आणि दुसरा ऑगस्टमध्ये, तर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

धान्याचे उत्तर शिधापत्रिकेत होते. मुंबईत १९४३ पासून शिधावाटप सुरू होते. त्यामुळे नवागताला सर्वांत आधी हवा असलेला कागद म्हणजे रेशनकार्ड. त्यावर नाव, वय, कुटुंबातील माणसे आणि पत्ता असे. पत्त्याच्या रकान्यात बराकीचा क्रमांक लिहिला गेला आणि माणसाला मुंबईत पहिल्यांदा ठिकाणा मिळाला. पोटासाठी काढलेला हा कागद पुढे कित्येक वर्षे ‘मी येथे राहतो’ या विधानाचा पुरावा म्हणून वापरला गेला.

मताचे उत्तर सर्वांत उदार होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मतदारयाद्यांची तयारी १९४८ मध्येच सुरू झाली. ३१ मार्च १९४८ रोजी संपणाऱ्या वर्षात किमान १८० दिवस त्या ठिकाणी वास्तव्य असावे, अशी अट होती. निर्वासित ही अट पुरी करणार कशी? तेव्हा असे ठरले की, येथे कायमचे राहण्याचा आपला इरादा आहे एवढे त्यांनी लिहून दिले की त्यांची नावे यादीत घ्यावी. ज्याच्याजवळ कागद नाहीत त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून लोकशाहीची पहिली यादी तयार झाली. आजच्या कागदांच्या युगात ही गोष्ट मुद्दाम आठवावी अशी आहे.

कागदांची निरनिराळी घड्याळे

आता वर्तमानात येऊ. समजा, दरभंग्याचे एक कुटुंब कोळीवाड्यात राहावयास आले. वडिलांना कामधंदा मिळाला, मुलगा शाळेत जाऊ लागला आणि मुलीने आपल्या महाविद्यालयात नाव घातले. हे कुटुंब रहिवासी झाले का? प्रत्येक खिडकी या प्रश्नाचे उत्तर आपापल्या घड्याळात पाहून देते, आणि गंमत अशी की ही घड्याळे एकमेकांशी जुळवलेली नाहीत.

घराचे घड्याळ बहुधा अकरा महिन्यांचे असते. भाड्याच्या घरासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो लेखी असून त्याची नोंदणी झाली पाहिजे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. पुष्कळ नवागत तोंडी बोलीवर घर घेतात आणि मग पुढचे सर्व कागद अडतात, कारण नोंदलेला करार हा पत्त्याचा पहिला धागा असतो.

आधारचे घड्याळ १८२ दिवसांचे आहे. २०१६ च्या आधार कायद्याप्रमाणे अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत एकूण १८२ दिवस भारतात राहिलेला तो रहिवासी. येथे राज्याचा प्रश्नच नाही, देशाचा आहे. म्हणून दरभंग्यात काढलेले आधार येथेही चालते. फक्त पत्ता बदलून घ्यावा लागतो. आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, असे त्या कायद्यातच म्हटले आहे. तरीही पुष्कळांची समजूत उलटी असते.

मतदारयादीच्या घड्याळाला काटे नाहीत असे म्हटले तरी चालेल. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ‘सामान्यतः रहिवासी’ असा शब्दप्रयोग आहे. अमुक इतके दिवस अशी अट नाही. नुसते घर मालकीचे आहे म्हणून कोणी त्या मतदारसंघाचा रहिवासी ठरत नाही, आणि काही दिवस बाहेरगावी गेला म्हणून रहिवास तुटतही नाही. जेथे माणूस खरोखर राहतो, जेवतो, झोपतो आणि राहणार आहे, ते त्याचे ठिकाण. मात्र एका वेळी एकाच ठिकाणी नाव ठेवता येते. बाहेरगावाहून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या मित्रांनी ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपले नाव आईवडिलांच्या पत्त्यावर ठेवायचे की वसतिगृहाच्या, याची निवड करता येते. नव्या नावासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो.

शिधापत्रिकेचे घड्याळ अलीकडे बरेच दुरुस्त झाले आहे. पूर्वी गावच्या कार्डावरील नाव कमी केल्याचा दाखला आणल्याखेरीज येथे धान्य मिळत नसे. २०१९ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोचली. अन्नसुरक्षा कायद्याखालचे कार्ड गावचे असले तरी केंद्राने ठरवलेले धान्य येथल्या दुकानात उचलता येते. घरची अर्धी माणसे गावी असतील तर त्यांचा वाटा तेथे आणि आपला वाटा येथे घेता येतो.

वाहनाचे घड्याळ बारा महिन्यांचे. दुसऱ्या राज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवले तर त्याला येथला क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी आधीच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते. वारंवार बदली होणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये ‘बीएच’ मालिकेचे क्रमांक सुरू झाले. येथेही मुद्दा तोच. जुन्या नियमाने एक स्थिर माणूस गृहीत धरला होता आणि माणूस तर फिरता झाला.

थोडक्यात, आपले कल्पित दरभंगेकर कुटुंब एकाच दिवशी एका कार्यालयात रहिवासी असते आणि दुसऱ्या कार्यालयात पाहुणे असते.

पंधरा वर्षांचा उंबरठा

या सर्वांत मोठे घड्याळ अधिवासाचे. महाराष्ट्रात ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ मिळवण्यासाठी राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. मुंबई शहरासाठी जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय फोर्टमधील जुन्या जकात घरात आहे. अर्ज आता ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरूनही करता येतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमामुळे अधिसूचित दाखला ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वीजबिले, शिधापत्रिका, भाडेकरार अशा कागदांनी वर्षामागून वर्ष जोडून दाखवावे लागते. मधली दोन वर्षे निसटली तर साखळी तुटते.

हा दाखला एवढा महत्त्वाचा का? कारण शिक्षणातील राज्याच्या वाट्याची दारे बऱ्याच प्रमाणात तोच उघडतो. उदाहरणार्थ, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील पदवीच्या जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय वाट्याच्या असतात आणि ८५ टक्के राज्याच्या. आठव्या वर्षी येथे आलेली मुलगी अठराव्या वर्षी बारावी होते तेव्हा तिची येथली वर्षे दहाच भरतात. तिचे बालपण येथले, शाळा येथली, मैत्रिणी येथल्या. पण कागदावर पाच वर्षे कमी पडतात. गावी परत जाऊन अर्ज करावा तर तेथली शाळा तिने सोडलेली. दोन्ही राज्यांच्या मधल्या पट्टीत ती उभी राहते. अमुक अभ्यासक्रमासाठी नेमके कोणते दाखले लागतात याचे नियम निरनिराळे असून ते दरवर्षी प्रसिद्ध होतात. म्हणून माहितीपुस्तिका वाचल्यावाचून कोणाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये.

‘अधिवास’ या शब्दाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात मूलगामी विवेचन केले आहे. न्यायमूर्ती भगवती यांनी दाखवून दिले की, भारतात अधिवास एकच असतो आणि तो म्हणजे भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास ही कल्पना घटनेला मान्य नाही. राज्ये हा शब्द वापरतात तेव्हा त्यांना कायमचे वास्तव्य एवढेच म्हणायचे असते. तरीही पदवीच्या जागांसाठी काही मर्यादेत वास्तव्याची अट चालेल, मात्र पदव्युत्तर उच्च अभ्यासक्रमांत गुणवत्ता पाहावी, अशी त्या निकालाची दिशा होती. जानेवारी २०२५ मध्ये चंडीगडच्या एका प्रकरणात न्यायालयाने हाच धागा पुढे नेऊन पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील राज्य वाट्यात वास्तव्यावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरवले.

या अटीची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. राज्याचे सरकार करदात्यांच्या पैशांतून महाविद्यालये चालवते. तेथून बाहेर पडणारा डॉक्टर गडचिरोलीत किंवा नंदुरबारात काम करील अशी अपेक्षा त्याने धरली तर ती अवाजवी म्हणता येत नाही. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या गरीब मुलाच्या वाट्याची जागा साधनसंपन्न बाहेरच्याने घेऊ नये, ही भावनाही खोटी नाही. १९५५ मध्येच इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील फीच्या खटल्यात न्यायालयाने रहिवासी आणि बाहेरचे यांत असा फरक करणे मान्य केले होते. तेव्हा अट असावी की नसावी यापेक्षा खरा प्रश्न असा की, ती कोणाला अडवते? तिचा हेतू अखेरच्या क्षणी जागा पटकावण्यासाठी येणाऱ्याला अडवण्याचा आहे. पण येथेच वाढलेले, परंतु घर बदलताना कागद हरवलेले मूल तीत अडकते आणि कागद सांभाळण्याची ऐपत असलेला सुटतो. भाड्याच्या खोलीतून भाड्याच्या खोलीत जाणाऱ्यांची वीजबिले स्वतःच्या नावावर नसतात, हे दाखला मागणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवे.

थांबलेले घड्याळ

एक घड्याळ असेही आहे की जे पुढे सरकतच नाही. अनुसूचित जाती आणि जमातींच्या याद्या अनुच्छेद ३४१ व ३४२ प्रमाणे राज्यवार असतात. एका राज्यात जी जात यादीत आहे ती दुसऱ्या राज्यात असेलच असे नाही, आणि असली तरी स्थलांतर करून आलेल्याला नव्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत. हा नियम ज्या खटल्याने पक्का झाला तो आपल्या परळचाच आहे. मर्री चंद्रशेखर राव हा विद्यार्थी आंध्र प्रदेशात तेनालीला जन्मला. वडिलांच्या सरकारी खत कंपनीतील नोकरीमुळे तो नवव्या वर्षी मुंबईत आला आणि येथेच शिकला. वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी त्याने अनुसूचित जमातीच्या जागेवर हक्क सांगितला. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांविरुद्धचा हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९० मध्ये निकाल लागला. न्यायालय म्हणाले की, मागासलेपण हे त्या त्या राज्यातील परिस्थितीशी जोडलेले असते, म्हणून ते ओझ्यासारखे बरोबर नेता येत नाही.

महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी म्हणूनच ठरावीक तारखा पाहतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. कुटुंब या तारखेला महाराष्ट्रात राहत होते काय, असा प्रश्न विचारला जातो. त्यानंतर आलेल्याने येथे पंधरा वर्षे काढली काय किंवा पन्नास, या बाबतीत उत्तर बदलत नाही. न्यायालयाची भूमिका तर्कशुद्ध आहे. परंतु खेड्यातला जातिभेद टाळण्यासाठीच जो शहरात आला त्याला शहरात तो भेद भेटत नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय? समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नावर अवश्य विचार करावा.

माणसांमधला रहिवास

कागदांपलीकडेही एक रहिवास असतो. त्याचे नियम कोणत्याही राजपत्रात छापलेले नाहीत. कोळीवाड्यातील पंजाबी आणि सिंधी माणसांना ‘निर्वासित’ किंवा ‘शरणार्थी’ हा शब्द फार दिवस आवडला नाही. आपण शरण आलेलो नाही, कष्टाने उभे राहिलेलो आहोत, म्हणून आपल्याला ‘पुरुषार्थी’ म्हणा, असे त्यांच्यातील पुष्कळजण सांगत. त्यांनी आधी काय उभारले ते पाहिले तर नवल वाटते. घर पुरते उभे राहण्यापूर्वी त्यांनी शाळा आणि महाविद्यालये काढली. कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये जयहिंद महाविद्यालय सुरू केले. सिंधमधील हैदराबादचे नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्याला पुन्हा उभे राहिले. १९६२ मध्ये हशू अडवाणी यांनी चेंबूरला विवेकानंद एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. त्यापूर्वी दक्षिण भारतीयांनी १९३२ सालीच माटुंग्यात आपली शिक्षणसंस्था काढली होती आणि १९६० मध्ये शीवला तिचे महाविद्यालय झाले. या संस्थांत आज मराठी मुले शिकतात. नव्या राज्याकडून काही घेण्याबरोबर त्याला काही देण्याचा हा मार्ग होता.

अन्नाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. ‘कोळीवाडा’ या नावाने तळलेली कोळंबी आणि मासळी देशभरच्या खाणावळींत मिळते. पुष्कळांना वाटते ती कोळणीच्या घरची कृती असावी. वस्तुतः बेसन, तिखट आणि ओवा घालून तळण्याची ही रीत येथल्या पंजाबी दुकानदारांची. मासळी कोळ्यांच्या दर्याची, हात पंजाब्याचा आणि नाव वस्तीचे. हार्बर मार्गावरील कोळीवाडा स्थानक मात्र गुरू तेगबहादूर नगर झाले. एका ठिकाणी नवागताने मूळ नाव जगभर नेले आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या श्रद्धेने मूळ नाव मागे सारले. दोन्ही गोष्टी एकाच वस्तीत घडल्या आणि दोन्ही खऱ्या आहेत. मूळच्या माणसाच्या मनात थोडी हुरहुर राहिली तर ती समजून घ्यावी.

भाषेचे तसेच. सिंधी भाषेला १९६७ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण तिला भारतात स्वतःचे राज्य नाही. ‘आपल्या राज्यात परत जा’ असे सिंधी माणसाला सांगायचे तर तो जाणार कोठे? त्याचे राज्य हेच. त्याच्या पुढच्या पिढ्या येथेच मराठी ऐकत, बोलत वाढल्या. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले, हे योग्यच झाले. पण सक्तीने गुण मिळतात, बोली मिळत नाही. बोली बाजारात, नळावर, मैदानावर आणि आपल्या कट्ट्यावर मिळते. नव्या मित्राशी आपण लगेच हिंदीत बोलू लागतो आणि मग त्याला मराठी येत नाही अशी तक्रार करतो. तो चुकत-माकत बोलला तर हसू नये, एवढे जरी आपण केले तरी पुष्कळ होईल.

आपल्या माणसांनीही हीच वाट तुडवली आहे. तंजावरचे मराठी, बडोद्याचे, इंदूरचे आणि ग्वाल्हेरचे मराठी हे सारे एकेकाळी परमुलखात गेलेलेच. तेथे त्यांनी तमिळ, गुजराती, हिंदी आत्मसात केली आणि घरात मराठीही जपली. तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालय सांभाळणाऱ्या भोसले राजांचे आपण कौतुक करतो. तेच कौतुक येथे आलेल्याने आपली भाषा घरात जपली म्हणून आपण करतो का?

शेवटची गोष्ट

रहिवासी झालो, आता निश्चिंत, असेही नसते. गुरू तेगबहादूर नगरातील निर्वासितांच्या २५ इमारतींत सुमारे १२०० कुटुंबे राहत होती. ज्यांच्या आजोबांनी बराकीत पहिली चूल मांडली त्यांच्या नातवंडांचे जन्म या इमारतींत झाले. इमारती जीर्ण झाल्या, महापालिकेने त्या धोकादायक ठरवल्या आणि त्या पाडण्यात आल्या. कुटुंबे पुन्हा भाड्याच्या घरांत विखुरली. २०२४ मध्ये राज्य सरकारने म्हाडामार्फत पुनर्विकासास मान्यता दिली. सत्तर वर्षांनंतर पुन्हा कागदांची पिशवी बाहेर काढावी लागली : वाटपपत्र कोठे, नाव कोणाचे, वारस कोण? ज्यांनी जुने कागद जपले होते त्यांचे काम सोपे, ज्यांच्याकडे ते नाहीत त्यांची धावपळ अधिक. कायद्याच्या दृष्टीने राहणे ही वस्तुस्थिती असते आणि कागद तिचा साक्षीदार. परंतु साक्षीदार हरवला की वस्तुस्थितीही नाकारली जाते, हा अनुभव नवा नाही.

म्हणून या लेखाच्या अखेरीस एक साधी सूचना मांडावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी प्रवेशापूर्वी एक मदतकेंद्र चालवावे. परराज्यातून आलेल्या, तसेच राज्यातल्याच पण वरचेवर घर बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना तेथे चार गोष्टी सांगाव्यात. भाडेकरार नोंदवून घ्या. प्रत्येक वर्षाचा पत्त्याचा एक तरी कागद जपा. शाळेचा कोणताही दाखला फेकू नका, कारण वास्तव्याच्या साखळीतला सर्वांत भरवशाचा दुवा तोच असतो. आणि अठरा पूर्ण होताच मतदारयादीत नाव घाला. या कामाला पैसा लागत नाही. दोन टेबले, काही छापील नमुने आणि मराठीत धीराने समजावून सांगणारी चार मुले-मुली पुरेत.

घटनेने दार उघडे ठेवले आहे. कागदांची घड्याळे सरकार आपल्या गतीने जुळवील. नव्याने आलेल्याला उंबरठ्यावर किती दिवस उभे ठेवायचे, हे मात्र पुष्कळसे आपल्या हाती आहे. १९४८ साली केवळ शब्दावर विश्वास ठेवून ज्या वस्तीत माणसांची नावे यादीत घेतली गेली, तेथल्या महाविद्यालयाने एवढे काम अंगावर घेणे काही अवघड नाही.